पाळणाघर वाढवलं

बंदरवाडी, रत्नागिरी
१२ जानेवारी २०२५

माझ्या योगिनीला आजीचे पुष्कळ आशीर्वाद आणि दोन्ही गालांचे मुके.

हे पत्र मी माझ्या हाताने लिहिते आहे. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, नाहीतर तू म्हणशील आजीने शेजारच्या अक्षयाकडून लिहवून घेतलं. मी दुसरीत शाळा सोडली. धाकट्या भावाला सांभाळायला घरात कोणी नव्हतं, त्याला कडेवर घेऊन वर्गात बसले तर तो गुरुजींच्या टोपीत मुतला. झाली शाळा. आता इतक्या वर्षांनी विमलाच्या पाळणाघरात पोरांबरोबर बसून परत गिरवायला लागले. पूर्वी म्हणून चार वर्षांची एक टवळी आहे, ती माझी पाटी तपासते. काल म्हणाली, "आजी, तुझ्या ळ चं पोट सुटलंय." मी म्हटलं, माझं पण सुटलंय गो बाय, चालायचंच.

फोन आहे घरात, पण फोनवर तू हं हं करतेस आणि लिफ्टमध्ये शिरतेस. पत्र लिफ्टमध्ये शिरत नाही.

तुझ्या बापसाने सांगितलं की तू पाइप बनवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या फाउंडेशनात लागलीस. मी दोन दिवस जमिनीवर नव्हते. जेटीवर जाऊन सगळ्यांना सांगितलं. अक्षया म्हणते, "काकी, फाउंडेशन म्हणजे ते तोंडाला लावतात ते?" मी म्हटलं, मेले, माझी नात कंपनीचे पैसे चांगल्या कामांना देते. तर म्हणते, "मग आमच्या पण तोंडाला लाव म्हणावं थोडे." सगळ्या बायका माशांच्या पाट्या खाली ठेवून हसल्या.

हसता हसता विमला मात्र गप्प झाली, म्हणून हे लिहिते. विमला कोण ते तुला नीट ठाऊक नसेल, तू सुट्टीत चार दिवस येणारी. आमच्या दगडी गडग्यापलीकडचं घर तिचं. पंधरा वर्षांमागे तिचा तीन वर्षांचा दीपक जेटीवरून पडला. लिलाव चालू होता, तिचा हात पाटीवर होता, पोर दोन लाँचींच्या मधे गेलं. तेव्हा सगळ्याच जणी पोरांना घेऊन जेटीवर जायच्या, ठेवणार कोणाकडे? वर्षभर ती कोणाशी बोलली नाही. मग एक दिवस लाँचवाल्या रावजीशेठकडे गेली आणि म्हणाली, तुमचा जाळी ठेवायचा मांगर मला द्या, मी बायकांची पोरं सांभाळते. त्यांनी दिला. रोजचं दूध दिलं, दोन बायकांना मानधन दिलं. तेव्हापासून लाँची लागायच्या आधी सकाळी पाचला पोरं मांगरात येतात आणि आया निवांत लिलावाला जातात. आज एकोणीस आहेत. चौदा वर्षांत एकाही पोराला खरचटण्यापलीकडे काही झालेलं नाही.

रावजीशेठ दिवाळीत गेले. त्यांच्या मुलांनी लाँची विकायला काढल्या, मांगर मे अखेर रिकामा करून पाहिजे म्हणतात. दुसरी जागा बघायला लागेल, दुधाचं बघायला लागेल. जास्त लिहीत नाही. तुझी नवी नोकरी आहे, तिच्या तोंडावर रडगाणं नको. तुझ्या कंपनीचा हात आमच्यापर्यंत पोचतो का तेवढं विचार.

सुके बांगडे बापसाबरोबर पाठवते, ऑफिसात उघडू नकोस.

तुझी आजी गुणवंती


मुंबई
२५ जानेवारी २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. ळ चं पोट अगदी छान आहे.

आता कामाचं. आजी, आमच्याकडे मनात आलं म्हणून कोणाला पैसे देता येत नाहीत. मोठ्या कंपन्यांना नफ्यातला थोडा भाग समाजाच्या कामावर खर्च करावा लागतो, तसा कायदाच आहे. तो खर्च नीट व्हावा म्हणून फाउंडेशन. वर्षातून एकदा संस्थांचे अर्ज मागवतो. संस्था नोंदलेली हवी, तीन वर्षांचे हिशेब तपासलेले हवेत. मग अर्जांना गुण देतो. त्यातून निवडक ठिकाणी आमचा माणूस जाऊन बघून येतो. शेवटी कंपनीच्या मोठ्या लोकांची समिती बसते आणि ठरवते. यंदा तीनशेच्या वर अर्ज येतील, त्यातले बारा घेणार.

आणखी एक. तू माझी आजी असल्यामुळे विमलाकाकींच्या अर्जाला गुण मी द्यायचे नाहीत, असा नियम आहे. मी तसं लिहून दिलंय. तो अर्ज माझा सहकारी निहार बघेल. पण अर्ज जरूर करा. छोट्या संस्थांना मराठीत लिहायची मुभा आहे, फॉर्म सोबत पाठवते.

फॉर्ममध्ये एक चौकट आहे, "तुमच्या कामामागची एक हृदयस्पर्शी गोष्ट". तिला दहा गुण आहेत. तिथे दीपकचं लिहा. वाचून कोणाचंही मन हलेल.

बांगडे मिळाले. उघडले नव्हते, तरी लिफ्टमधल्या सगळ्यांना कळलं.

तुझी योगिनी


बंदरवाडी
१६ फेब्रुवारी २०२५

चि. योगिनीस आजीचा आशीर्वाद, आणि फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यावर थंडगार खोबरेल.

काय तो फॉर्म गो! आठ दिवस आम्ही तो फॉर्मच खातोय, पितोय. विमलाने लिहायचं, मी बाजूला बसून सांगायचं, अक्षयाने नको तिथे बोलायचं. "लाभार्थी किती?" विमलाने एकोणीस लिहिलं. अक्षया म्हणाली, माझं पोटातलं धर, वीस होतील. "कामातील जोखीम कोणती?" तर अक्षया म्हणाली, बाळाचे दात. हा बाळा दीड वर्षाचा आहे आणि सगळ्यांना चावतो. विमलाने खरंच लिहिलं असतं, मी थांबवलं.

नोंदणीचा कागद आहे, पाळणाघराचं मंडळ रावजीशेठनेच नोंदवून दिलं होतं. हिशेबही त्यांचे मेहेताजी ठेवायचे, ते मिळाले.

आता त्या दहा गुणांचं. मी विमलाला म्हटलं, दीपकचं लिही. ती पेन खाली ठेवून माडांकडे बघत बसली. मग म्हणाली, "काकी, त्याच्यावर मी दूध मागू?" मी म्हटलं, तू त्याच्यासाठीच तर चालवतेस. म्हणाली, "चालवते ते माझं आणि त्याचं. गुणपत्रिकेत नको." ती चौकट कोरी ठेवली आहे. तू रागावू नकोस. तुझ्याही पोटी कधी पोर येईल तेव्हा तुला कळेल, आता नुसतं मान.

शेवटच्या पानावर "पुढील काळातील नियोजन" असं होतं. तिथे विमलाने एक वाक्य अगदी अपशकुनी लिहिलं होतं. मी खोडायला लावलं आणि चांगल्या शब्दांत लिहवून घेतलं. पोरांच्या घराबद्दल कसं लिहावं याची काही रीत आहे की नाही? आता फॉर्म बघितला तर लग्नपत्रिकेसारखा वाटतो.

मी पण खाली सही केली आहे, मंडळाची सभासद म्हणून. जन्मात पहिली सही. आजवर अंगठाच. सही करताना विमलाने माझा हात धरला नव्हता, हे त्या निहारला सांग.

आजी


मुंबई
१० मार्च २०२५

प्रिय आजी,

अर्ज पोचला. समितीसाठी सगळे अर्ज इंग्रजीत लागतात आणि विमलाकाकींचं अक्षर आमच्यात फक्त मला लागतं, म्हणून भाषांतर तेवढं मी केलं. गुण दिले ते निहारने. तुझी सही पाहिली आणि रुमाल शोधायला लागले.

शेवटी लिहिलंय ना, "पावसाळ्याआधी पाळणाघर वाढवावं लागेल, आपली मदत आली तर उपकार होतील", ते वाचून फार बरं वाटलं. रावजीशेठ गेल्यावरही एवढी उमेद! गोष्टीची चौकट कोरी राहिल्याने दहा गुण गेले, तरी पहिल्या चाळीसात आलात. शिमगा झाला की निहार बघायला येईल. त्याला तिखट कमी.

योगिनी


बंदरवाडी
२ एप्रिल २०२५

चि. योगिनी, तुझा निहार येऊन गेला. उंच आहे, गोरा आहे, लग्न झालेलं नाही. मी विचारलं. तू नाक मुरडू नकोस, विचारायला काय जातं.

आम्ही चार दिवस आधीपासून कामाला. मांगर शेणाने सारवला, भिंतीला चुना दिला. अक्षयाने माहेरून दोन खुर्च्या आणल्या. पोरांना नवे फ्रॉक, सदरे. कोणाचे होते, कोणाचे शेजारच्या वाडीतून. पाहुणा घरी येतो तेव्हा घर हसतं दिसलं पाहिजे. गळका कोपरा होता तिथे मी स्वतः बसले, पाठीमागे ओल दिसू नये म्हणून.

पोरांनी गाणं म्हटलं. बाळा त्याला चावला नाही, नुसता चाटला. जेवायला सुरमईचं तिखलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. विमला चुलीपुढून उठलीच नाही. तिला बोलायचं सुचत नाही अशा वेळी, म्हणून मीच बोलत होते. तो विचारायचा, वहीत लिहायचा. मुलं किती, येतात किती, आजारी पडली तर काय. शेवटी म्हणाला, "आजी, पावसाळ्याआधीचं नक्की ना?" मी म्हटलं, हो रे बाबा, ठरलंय तसं, आता दुसरा काय इलाज. हसूनच सांगितलं. पाहुण्यासमोर डोळ्यांतून पाणी काढायचं नाही.

तर तो म्हणाला, "वा, छान!" आणि लिहून घेतलं.

मला जरा लागलं ते. पण तो गेल्यावर विमला म्हणाली, "काकी, शिकलेली माणसं सगळ्यालाच छान म्हणतात." असेल तसं. जाताना वाकून पाया पडला आणि नको नको म्हणताना दोन भाकऱ्या बांधून घेतल्या. भाकरी नेणारा माणूस वाईट नसतो. विमला त्या दिवशी संध्याकाळी गुणगुणत भांडी घासत होती. किती वर्षांनी ऐकलं तिचं गुणगुणणं. तेवढ्यासाठी तरी कंपनीचं भलं होवो.

आजी


मुंबई
८ मे २०२५

प्रिय आजी,

समिती झाली. थोडं वाईट आहे, पण सगळं वाईट नाही, म्हणून शेवटपर्यंत वाच.

यंदा समितीने ठरवलं की आधी अडचणीतली चालू कामं वाचवायची. ज्यांना कामाचा विस्तार करायचाय त्यांनी पुढच्या वर्षापर्यंत थांबावं. त्यामुळे तुमचं नाव यंदाच्या बारात नाही, पुढच्या वर्षीच्या विस्ताराच्या यादीत अगदी वर आहे. निहारने फार चांगलं लिहिलंय तुमच्याबद्दल. जागा स्वच्छ, मुलं नीटनेटकी, बायका उत्साही. खरं सांगायचं तर निवडलेल्या काहींची अवस्था पाहिली की तुम्ही सुखात आहात असं वाटतं. मंडणगडची एक संस्था तर याच महिन्यात बंद पडणार होती, तिला मिळाले.

तुम्ही एक वर्ष कळ काढाल ना? विमलाकाकींना सांग, हे नाही म्हणणं नव्हे, नंतर म्हणणं आहे.

तुझी योगिनी


बंदरवाडी
२० जून २०२५

चि. योगिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र विमलाला वाचून दाखवलं. तिने ऐकलं.

लिहिण्यासारखं फार नाही. लाँची वर ओढल्या, मासेमारी बंदच आहे आता दोन महिने. एकतीस मेला विमलाने पाळणाघर वाढवलं. सगळ्या आया आल्या होत्या. विमलाने गूळ घालून शिरा केला, पोरांना पाट्या, पेन्सिली आणि खेळणी वाटली. पूर्वीने माझी पाटी मलाच दिली.

पाऊस बरा आहे. तब्येत सांभाळ.

आजी


मुंबई
१ जुलै २०२५

प्रिय आजी,

अभिनंदन! अभिनंदन! अभिनंदन!

निधी मिळाला नाही तरी तुम्ही करून दाखवलंत! मी तुझं पत्र आमच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निहार म्हणाला, या बायकांकडून आपणच शिकलं पाहिजे. जागा कुठे मिळाली? मुलं किती झाली? आणि एवढी मोठी बातमी चार ओळींत देतात का? फोटो पाठव. विमलाकाकींना माझ्याकडून एक घट्ट मिठी.

तुझी योगिनी


बंदरवाडी
१२ जुलै २०२५

योगिनी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं माझंच वाचणं चुकतंय, ऱ्हस्व दीर्घ माझं कच्चं आहे. मग अक्षयाकडून वाचून घेतलं. तिने पण तेच वाचलं. टाळ्या वाजवल्या?

आम्ही तुझं काय वाकडं केलं गो? नाही दिले तर नाही दिले. तुमच्याकडे तीनशे अर्ज, बाराच घ्यायचे, आम्ही काय भांडायला आलो नव्हतो. पण विमलाने आपल्या हाताने पोरांचे पाळणे सोडले, त्यावर तुमच्या ऑफिसात टाळ्या? ती त्या दिवशी शिरा ढवळत होती आणि मला म्हणत होती, काकी, धूर फार झालाय. चूल विझलेली होती.

वाढवलं म्हणजे काय, हे पण का मी तुला शिकवायचं? दुकानाची फळी लावताना कोणी दुकान बंद केलं म्हणतं का? वाढवलं म्हणतो. बांगडी फुटली तर वाढली म्हणतो. देवापुढे नारळ वाढवतो. तुझे आजोबा गेले तेव्हा बायकांनी माझं मंगळसूत्र वाढवलं, ते काय त्यांनी मोठं करून दिलं गो मला?

इथे लिहिता लिहिता माझा हात थांबला. उठून पाणी प्यायले आणि परत बसले.

योगिनी, फॉर्ममध्ये पण तोच शब्द आहे ना?

विमलाने तिथे "पाळणाघर बंद करावं लागेल" असं लिहिलं होतं. मीच म्हटलं, पोरांच्या घराला बंद म्हणू नये, खोड ते, वाढवावं लागेल असं लिही. आणि तो निहार "वा, छान" म्हणाला. देवा रे. तुम्ही काय समजलात?

आजी


मुंबई
२० जुलै २०२५

आजी,

हो. तू समजलीस तेच.

भाषांतर मी केलं. "वाढवावं लागेल" याचं मी इंग्रजीत विस्तार असं केलं. मला दुसरा अर्थ ठाऊकच नव्हता. बांगडीचं कधीतरी कानावर पडलं असेल, पण पाळणाघराला तो शब्द लागतो हे सुचलंच नाही. माझ्या कागदावरून निहार विस्तार मनात धरूनच तुमच्याकडे आला. मी "बंद" लिहिलं असतं तर तुम्ही पहिल्या तीनात असता. यंदाचे पैसे अशाच कामांसाठी होते. मी गुण द्यायचे नाहीत म्हणून बाजूला झाले, आणि सगळ्यात मोठा गुण मीच काढून घेतला.

मी समितीसमोर जाऊन सगळं सांगितलं. बारांची यादी आता बदलत नाही. पण सप्टेंबरच्या अखेरीला सहामाही बैठक असते, एखादी संस्था गळली तर तिच्या जागी दुसरी घेतात. तुमचा अर्ज पुन्हा बघायला ते तयार आहेत. अट एकच, काम चालू असलं पाहिजे. बंद पडलेलं काम या पैशांत बसत नाही, आणि नवीन म्हणून अर्ज केला तर पुन्हा तीन वर्षांचे हिशेब. निहार बावीस सप्टेंबरला येऊन बघेल. कुठेही, कोणाच्याही घरी, चार मुलं जरी रोज बसत असली तरी चालू धरतील. विमलाकाकींना सांगशील?

मला त्यांच्याशी बोलायचं धाडस नाही. तुझ्याशी बोलायचंही नव्हतं, म्हणून फोन केला नाही.

योगिनी


बंदरवाडी
११ ऑगस्ट २०२५

माझ्या योगिनीला आजीचे आशीर्वाद, आणि डोळे पूस आधी.

शब्द माझा होता. तू वाचलास तो मी लिहवून घेतलेला. तू स्वतःला खात बसू नकोस, आधीच अंगावर मांस नाही.

विमला इथे नाही. जुलैतच चिपळूणला भावाकडे गेली. त्याची खानावळ आहे, तिथे भाकऱ्या थापते. मी तिला फोन लावला आणि शब्दाचं सांगितलं. भाषांतर कोणी केलं ते सांगितलं नाही, आणि तू पण सांगायचं नाहीस. ती म्हणाली, "काकी, भावाच्या दारात एकदा आले, आता चार पोरं गोळा करायला माघारी कशी येऊ? आणि परत नाही म्हणाले तर?"

म्हणून मी काय केलं ऐक. मीच सुरू केलं! नारळी पौर्णिमा झाली, लाँची पाण्यात गेल्या, लिलाव सुरू झाला, आणि रविवारपासून माझ्या पडवीत पाळणाघर! पूर्वी, बाळा, मनस्वी आणि अक्षयाची थोरली. बरोबर चार. पडवीला दोरीने दोन झोळ्या बांधल्या. पेज मीच करते. पूर्वी फळ्यावर बाराखडी लिहिते आणि मी गिरवते. बाळा आता फक्त मलाच चावतो, दुसऱ्यांना सोडलंन त्याने.

निहारला सांग, बावीसला खुशाल ये. या वेळी चुना लावणार नाही. या वेळी सगळं जसं आहे तसं दाखवणार आणि तोंडाने बंद, बंद, बंद म्हणणार.

आजी


बंदरवाडी
२५ ऑगस्ट २०२५

चि. योगिनी,

निहारला सांग, येऊ नको.

घाबरू नकोस, सगळे सुखरूप आहेत. बुधवारी मी चुलीवरून पेज उतरवत होते. मनस्वी दोन वर्षांची, झोळीतून कधी उतरली कळलं नाही. वळून बघितलं तर ती घरापुढच्या खळ्याच्या पलीकडे, गडग्याच्या फटीतून रस्त्याकडे निघालेली. मी हाक मारली. तिला वाटलं आजी खेळते, ती पळायला लागली. मी पण पळाले. म्हणजे मी मनाने पळाले. पाय उंबऱ्यालाच राहिले गो माझे. दुखरा गुडघा वळला आणि मी तिथेच बसले, आणि बसल्या जागेवरून बघत होते. वाडीतला सदू रिक्षा घेऊन येत होता. त्याने ब्रेक मारला. मनस्वी चाकापुढे हातभर अंतरावर उभी, आणि हसत होती.

सदूने तिला उचलून माझ्या मांडीवर आणून दिली.

मी स्वतःच मनस्वीच्या आईला सांगितलं. ती म्हणाली, "काकी, असू दे, पोरं द्वाडच असतात." दुसऱ्या दिवशी मनस्वी आली नाही, आईने तिला आजोळी मंडणगडला पाठवली. अक्षया म्हणाली, थोरलीला जरा कणकण आहे. बाळाच्या आईने लिलावाला जायचंच सोडलं. कोणी मला एक वाकडा शब्द बोललं नाही. शुक्रवारी पूर्वी एकटी आली होती, तिला पण आई परत न्यायला आली, म्हणाली, जेटीवर माझ्याजवळच बसेल, शहाणी आहे.

तेरा दिवस चाललं.

तू म्हणशील, बावीस तारखेपुरती चार पोरं बसवू. मी पण तसं म्हटलं असतं महिन्यापूर्वी. पण दाखवायला बसवायची आणि मग कोणाच्या जिवावर सोडायची? विमलाने चौदा वर्षं एक पोर हातचं जाऊ दिलं नाही. तिचं नाव लावून मी हे करणार नाही.

आजी


मुंबई
८ सप्टेंबर २०२५

आजी,

निहारला सांगितलं. बैठकीत तुमचा कागद येणार नाही.

समितीला मी एवढंच विचारलं, की काम बंद पडलं तर ते बंद का पडलं हे बघायची चौकट आपल्या फॉर्ममध्ये का नाही? ते म्हणाले, सूचना चांगली आहे, लिहून द्या. मी लिहून दिली.

गुडघ्याला लावायचं तेल पाठवते आहे. रोज लाव. मी दसऱ्यानंतर येते. विमलाकाकी तेव्हा तिथे असतील का? मला त्यांना माझ्या तोंडाने सांगायचंय.

योगिनी


बंदरवाडी
६ ऑक्टोबर २०२५

चि. योगिनीस आजीचे आशीर्वाद.

तेल पोचलं. वास चांगला आहे, गुण अजून नाही.

विमला दसऱ्याला आली होती. घर साफ केलं, देवांना पाणी घातलं, आणि देव टोपलीत घालून घेतले. चिपळूणलाच पुजणार म्हणाली. तेव्हाच मी समजले.

मग माझ्याकडे आली. पडवीत झोळ्यांच्या दोऱ्या अजून तशाच होत्या, माझा हात पोचत नाही सोडायला. तिने वर बघितलं आणि विचारलं, "किती दिवस चाललं, काकी?" मी म्हटलं, तेरा. कोण कोण होतं, ते विचारलं. मी नावं सांगितली. प्रत्येक नावाला ती नुसती मान हलवत होती. मनस्वीचं सांगितलं तेव्हा तिने माझा गुडघा हातात घेतला आणि दाबत बसली. म्हणाली, "तुमचं हे दुखणं ठाऊक असून मी गेले."

मी म्हटलं, शब्द माझा होता. ती म्हणाली, "लिहिणारा हात माझा होता. तुम्ही सांगितलं आणि मी खोडलं. मला ठाऊक होतं बंदच लिहायला हवं, पण मलाच ते लिहवत नव्हतं." मग मी तुझंही सांगितलं, माफ कर, राहवलं नाही. ती म्हणाली, "पोरीला म्हणावं, तिचं काही नाही." एवढंच. तू तिला सांगायला येणार होतीस, आता नुसती मला भेटायला ये.

तिने दोऱ्या सोडल्या, गुंडाळून खुंटीला लावल्या. सकाळच्या एसटीला निघाली. सदू रिक्षा घेऊन आला होता, तिने देवांची टोपली मांडीवर घेतली आणि म्हणाली, "जाते, काकी."

तुला ठाऊक नसेल, म्हणून लिहिते. आपल्यात निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. इतकी वर्षं वाडीतल्या पोरीबाळींना मी उंबऱ्यातून माघारी बोलावून येते म्हणायला लावलं आहे. तुझ्या आईला तर लग्नानंतर पहिल्याच दिवशी.

विमलाला मी माघारी बोलावलं नाही. बरं, जा, म्हटलं.

तुझी आजी
गुणवंती